आजोबांची पंचाहत्तरी आणि कोपऱ्यावरचे पिझ्झाचे दुकान : काय, कधी आणि कसे मागवावे?

पार्लेपूर्व

नमस्कार. पुढच्या आठवड्यात माझे सासरे पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. हॉल घ्यावा, श्रीखंड-पुरीचा बेत करावा, पुण्या-नाशिकच्या नातेवाइकांना बोलवावे, असे आमच्या डोक्यात होते. परंतु त्यांनी ते सगळे एका वाक्यात निकालात काढले आणि "मला आपल्या कोपऱ्यावर बसून गरम पिझ्झा खायचा आहे, घरी खोक्यातून आलेला नको," असे जाहीर केले. कोपऱ्यावर म्हणजे विलेपार्ले पूर्वेला, आमच्या इमारतीपासून चालत चार मिनिटांवर असलेले पाच टेबलांचे एक दुकान. मालक स्वतः गल्ल्यावर बसतो, आत एक ओव्हन आणि दोन मुले आहेत, आणि दर आमच्या आवाक्यातले आहेत.

आम्ही सहा जण आहोत : सासू-सासरे, आम्ही दोघे, चौदा वर्षांचा मुलगा आणि नऊ वर्षांची मुलगी. दोन हजार रुपयांच्या आत सगळे बसावे अशी इच्छा आहे. अडचणी दोन आहेत. सासऱ्यांना वरची आणि खालची, दोन्ही कवळ्या आहेत आणि सासूबाई चातुर्मासात कांदा-लसूण खात नाहीत.

विचारायचे कारण असे की, गेल्या वर्षी दुसऱ्या एका उपनगरात अशाच एका छोट्या जागी आमचा पुरता विचका झाला होता. आम्ही बसताक्षणी पाच पिझ्झे एकदम सांगितले. अर्ध्या तासाने ते एकदम आले. पहिला संपेपर्यंत तिसऱ्यावरचे चीज रबरासारखे झाले होते, शेवटच्या दोघांचा मधला भाग कच्चट निघाला, आणि काठ इतके कडक होते की सासऱ्यांनी फक्त मधला मऊ भाग काट्याने उकरून खाल्ला. वर बिलात दहा टक्के सेवा शुल्क लावले होते, ते आम्ही निमूटपणे भरले. या वेळी तसे होऊ नये म्हणून जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

लोकलप्रवासी

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. ज्येष्ठ माणसाचा मोठा दिवस आहे, तर एखाद्या साखळी उपाहारगृहात जावे. तिथे वातानुकूलन असते, स्वच्छतागृह असते आणि अंधेरीत खा किंवा ठाण्यात खा, पिझ्झा तोच असतो. छोट्या दुकानात सगळे त्या दिवशीच्या नशिबावर अवलंबून असते, हा माझा अनुभव आहे.

ओव्हनवाला

मी मुलुंडला सात वर्षे असेच दुकान चालवले. जागेचे भाडे परवडेना तेव्हा बंद केले. लोकलप्रवासी यांचे स्वच्छतागृहाबद्दलचे म्हणणे रास्त आहे, माझ्याकडेही ते नव्हते. मात्र नशिबाचा मुद्दा मला मान्य नाही. गेल्या वर्षी तुमच्या ताटात जे आले ते नशिबाने आले नाही, तर पाच पिझ्झे एकदम सांगितल्याने आणि ते एकदम घेतल्याने आले. दोष तुमचा नाही. ते मालकाने सांगायला हवे होते.

साखळी दुकानांत बहुधा सरकत्या पट्ट्याचा ओव्हन असतो. एका तोंडातून पिझ्झा आत जातो, ठरलेल्या मिनिटांनी दुसऱ्या तोंडातून बाहेर पडतो आणि त्या अवधीत कोणी दार उघडत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात दाराचा, कप्प्याचा ओव्हन असतो. माझ्या कप्प्यात दहा इंची चार मावत. दगडी तळ तीनशे अंशांवर तापवून चार पिझ्झे टाकले की तळाची बरीचशी धग त्या चार थंड गोळ्यांत जाते, आणि मधे दार उघडून पाहिले की उरलेली वरची हवाही निसटते. पहिली खेप सुरेख निघते. लगेच दुसरी टाकली तर वरचे चीज वितळून डाग धरते, पण खालचा भाग पांढुरकाच राहतो. वरून झालेला दिसतो म्हणून पोरगा तो काढतो आणि गिऱ्हाइकाला मधे कच्चा लागतो. तळ पुन्हा तापायला पाच-सहा मिनिटे द्यावी लागतात. शनिवारी रात्री साडेआठला, गल्ल्यावरचा फोन ॲपवरच्या मागण्यांनी सारखा वाजत असताना, ती पाच मिनिटे कोणीच देत नाही. मीही देत नसे, हे कबूल करतो.

म्हणून माझे सांगणे एवढेच आहे की, शनिवार-रविवार टाळा, संध्याकाळी सात वाजता जा आणि दोन-दोन करून मागवा. पहिले दोन टेबलावर आले, एकेक तुकडा उचलला, की पुढचे दोन सांगा. तुम्हाला वाटेल की त्यात वेळ जातो. वेळ तितकाच जातो. फरक एवढाच की थांबणे जेवणाआधी एकगठ्ठा न होता जेवणाच्या मधे वाटले जाते, आणि प्रत्येक तुकडा गरम मिळतो. सासऱ्यांनी खोका नको म्हटले ते अगदी बरोबर आहे. बंद पुठ्ठ्यात पिझ्झ्याची स्वतःचीच वाफ कोंडते आणि घर गाठेपर्यंत तळ ओला होतो. मग आमचे पैसे ओव्हनवर घाला नाहीतर उत्तम मोझरेलावर, त्याचा उपयोग उरत नाही.

पहिल्या दोघांपैकी एक साधा मार्गारिटा ठेवा. मुले कुरकुर करतील, पण दुकानाची परीक्षा त्यातच होते. तो आला की काठ उलथण्याने किंचित उचलून खाली पाहा. तपकिरी ठिपके, भाकरीच्या पापुद्र्यावर असतात तसे, दिसले तर बिनधास्त पुढचे मागवा. सरसकट पांढरा असेल तर तोच दोन मिनिटे परत भाजून मागा आणि पुढचे दहा मिनिटांनी सांगा. मालकाला यात अपमान वाटत नाही. खाली पाहणारे गिऱ्हाईक आले की मी स्वतः उठून ओव्हनपाशी जात असे.

भाज्यांचा हव्यास धरू नका. टोमॅटो, मशरूम, सिमला मिरची आणि डब्यातला मका हे सगळे आचेवर पाणी सोडतात. "सगळे घाला, जास्त घाला" म्हणणाऱ्याला आम्ही जास्त घालत असू आणि त्याच्याच पिझ्झ्याचा मधला भाग कणकेच्या लापशीसारखा होत असे. एका पिझ्झ्यावर दोन भाज्या, फार तर तीन.

कांदा-लसणाबद्दल एक धोक्याची सूचना देतो. वरचा कांदा काढणे कोणालाही जमते; लसूण असतो तो खालच्या सॉसमध्ये, आणि तो सॉस सकाळीच पातेलेभर शिजवून ठेवलेला असतो. ऐन वेळी सांगितले तर मुलगा मान डोलावेल आणि तोच सॉस लावेल, त्याला दुसरा पर्यायच नसतो. तुमच्या भागात जैन गिऱ्हाईक पुष्कळ असल्याने त्यांच्याकडे वेगळा सॉस तयार असण्याची शक्यता आहे. तरीही आदल्या दिवशी जाऊन मालकाला समक्ष विचारा, फोनवर नको.

कवळीबद्दल मी अधिकाराने काही सांगू शकत नाही.

गिरगावकर

मी सांगू शकतो, कारण माझ्याही वरच्या आणि खालच्या दोन्ही आहेत आणि पिझ्झा मी सोडलेला नाही.

ओव्हनवाला यांचे बाकी सगळे पटले. पण ताज्या, हाताने थापलेल्या पिझ्झ्याचे जे कौतुक सध्या सर्वत्र चालू आहे, ते बत्तीस खऱ्या दातांच्या माणसांनी केलेले कौतुक आहे. त्याचा काठ बाहेरून कडक आणि आतून चिवट असतो. समोरच्या दातांनी तो तोडायला गेले की खालची कवळी उचलली जाते. आमच्यासारख्यांना बेकरीचा तयार बेस बरा. तो मुळात पावाचाच भाऊ आहे. मैदा, यीस्ट, थोडी साखर, थोडे तूप किंवा तेल, आणि फुगून टम्म होऊ नये म्हणून वर टोचलेली भोके. भारतात पिझ्झाच्या परदेशी साखळ्यांची दुकाने १९९६ साली उघडू लागली. त्याच्या आधीपासून आमच्या गिरगावात पिझ्झा होता तो याच बेसचा. बेकरीतून बेस आणायचे, घरी टोमॅटोचा रस्सा आटवायचा, अमूलचे चीज किसायचे आणि काचेच्या झाकणाच्या त्या गोल ॲल्युमिनियमच्या ओव्हनमध्ये एकेक भाजायचा. झाकणावर वाफ धरली की आत काय चालले आहे ते दिसत नसे आणि आम्ही मुले फडक्याने काच पुसत बसत असू. इटालियन माणसाने त्याला पिझ्झा म्हटले नसते, हे मला मान्य आहे. आमच्या गल्लीतल्या बेकरीत ते बेस लाकडाच्या भट्टीत भाजले जात. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०२५ च्या आदेशानंतर महापालिकेने लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना गॅस किंवा विजेवर जायला लावले, त्यात तीही बदलली. बेस पूर्वीइतकाच मऊ आहे.

तेव्हा ताई, दुकानात विचारा की त्यांच्याकडे तयार बेस आहे का, किंवा खोलगट तव्यात तेल सोडून केलेला जाड पिझ्झा मिळतो का. त्याचा तळ तळल्यासारखा खुसखुशीत होतो आणि पोट पावासारखे मऊ राहते. सॉस काठापर्यंत लावायला सांगा, एरवी बाहेरचे बोटभर कोरडे सोडतात आणि तेच नंतर टोस्टसारखे होते. "कमी भाजा" असे मात्र कधीही म्हणू नका. त्याने काठ मऊ होत नाही, फक्त मधला भाग कच्चा राहतो. आल्यावर दोन मिनिटे वर ताट झाका.

आता चीज. गरम मोझरेलाची तार निघते, आणि मुले ती तार हातभर ओढून फोटो काढतात. कवळीच्या माणसाने तसे केले तर वरची कवळी त्या तारेबरोबर पुढे येते. हे माझ्या पुतण्याच्या साखरपुड्यात चाळीस माणसांदेखत घडले आहे. डब्यातले प्रक्रिया केलेले चीज तसे ताणत नाही. त्यात विशिष्ट क्षार घातलेले असतात, त्यामुळे ते सायीसारखे पसरते. म्हणून सासऱ्यांच्या पिझ्झ्यावर मोझरेला निम्मे आणि हे डब्यातले चीज किसून निम्मे घालायला सांगा, आणि तुकडा हाताने न खाता सुरी-काट्याने बोटभर रुंदीच्या पट्ट्या करून द्या. सुरीने खाण्याची त्यांना लाज वाटत असेल, तर तुम्ही सगळ्यांनीच सुऱ्या मागवा.

हिशेबनीस

बिलाविषयी लिहितो. सेवा शुल्क ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या की, उपाहारगृहाने ते बिलात आपोआप लावू नये आणि दुसऱ्या नावानेही वसूल करू नये. त्या सूचनांना उपाहारगृहांच्या संघटनांनी आव्हान दिले होते. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी त्या कायम ठेवल्या. बिलात ते दिसले तर काढायला सांगावे, आणि न ऐकल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीवर तक्रार नोंदवता येते. पाच टेबलांच्या दुकानात तेवढी वेळ बहुधा येणार नाही.

वस्तू आणि सेवा कर वेगळा. साध्या उपाहारगृहाला तो पाच टक्के आहे, अडीच केंद्राचा आणि अडीच राज्याचा. परंतु छोटे दुकान आपसमेळ (कंपोझिशन) योजनेत, म्हणजे छोट्या व्यावसायिकांसाठीच्या सोप्या करयोजनेत, असेल तर त्याला ग्राहकाकडून कर वेगळा घेताच येत नाही. तो त्याने स्वतःच्या उलाढालीतून भरायचा असतो, आणि करसंकलनास आपण पात्र नसल्याचे त्याला बिलावर छापावे लागते. ती ओळ छापून खाली पाच टक्के लावलेले बिल मी स्वतः पाहिले आहे, म्हणून बिल वाचून मग पैसे द्यावेत. अन्न सुरक्षा परवान्याचा चौदा आकडी क्रमांकही १ जानेवारी २०२२ पासून बिलावर असणे बंधनकारक आहे.

आकाराबद्दलही एक गंमत सांगतो. सात इंचाच्या पिझ्झ्याचे क्षेत्रफळ साडेअडतीस चौरस इंच भरते आणि दहा इंचाचे साडेअठ्ठ्याहत्तर. म्हणजे सात इंची दोन मागवले तरी दहा इंची एक होत नाही. असे असूनही लहान दोन घेऊन जास्त पैसे मोजणारी कुटुंबे मी रोज पाहतो. सासूबाईंचा वेगळा सात इंची सोडला तर बाकी सगळे दहा इंची घ्या. सहा जणांना, त्यातही दोन ज्येष्ठ आणि एक लहान मूल असताना, दहा इंची चार आणि तो एक पुरेसे आहेत. चौदा वर्षांच्या मुलाचा अंदाज मात्र तुम्हीच घ्यावा.

पार्लेपूर्व

सर्वांचे मनापासून आभार. ओव्हनवाला, एक शंका आहे. दोन-दोन करून मागवले तर पाच टेबलांच्या दुकानात आपण जागा अडवून बसलो असे मालकाला वाटणार नाही का? बाहेर माणसे उभी असली की मला घास जात नाही.

ओव्हनवाला

मंगळवारी किंवा बुधवारी सात वाजता बाहेर कोणी उभे नसते. उलट त्या वेळी भरलेले टेबल दिसले की रस्त्यावरची माणसे आत वळतात, म्हणून आम्ही पहिल्या गिऱ्हाइकाला मुद्दाम काचेजवळ बसवत असू. आदल्या दिवशी जाल तेव्हा "सहा जण आहोत, सव्वा तास बसू, दोन-दोन मागवू" एवढे सांगून ठेवा. त्याला गोळे किती बाहेर काढून ठेवायचे हेही कळते. फ्रिजमधून थेट काढलेला गोळा थापला की मागे सरकतो आणि दहा इंची पिझ्झा नऊ इंची होतो. अर्धा तास बाहेर राहिलेला गोळा बोटांना ऐकतो.

पार्लेपूर्व

काल वाढदिवस झाला, म्हणून वृत्तान्त लिहीत आहे.

सोमवारी संध्याकाळी मी दुकानात जाऊन आले. जैन सॉस आहे का, असे विचारताच मालकाने फ्रिजमधून झाकणावर खूण केलेला डबा काढून दाखवला. तयार बेस ते वापरत नाहीत, पण खोलगट तव्यातला जाड पिझ्झा करतात. निम्मे-निम्मे चीज म्हटल्यावर त्याने कारण विचारले, आणि मी गिरगावकर काकांच्या पुतण्याचा साखरपुडा सांगितल्यावर तो गल्ल्यावर डोके टेकून हसला.

काल मंगळवारी सातला पोहोचलो आणि खरोखरच काचेजवळचे टेबल मिळाले. पहिल्या खेपेला मार्गारिटा आणि सासऱ्यांचा जाड पिझ्झा सांगितला. मार्गारिटा आल्यावर मुलाने सगळ्यांच्या आधी काठ उचलून खाली पाहिले; ठिपके होते. सासऱ्यांच्या पिझ्झ्यावर मी ताट झाकले तेव्हा त्यांनी "आता काय वाफेला लावतेस का?" असे विचारले, पण नंतर चार तुकडे सुरीने कापून, काठासकट, संपवले. सुऱ्या सगळ्यांनीच मागवल्या होत्या. नऊ वर्षांच्या मुलीला ते इतके आवडले की ती आज घरी पोळीही सुरीने कापत होती.

एक गडबड झालीच. सासूबाईंचा सात इंची पिझ्झा वेगळ्या सॉसचा, वेगळ्या थाळीतला, सगळे यथासांग होते. पण पिझ्झा कापायचे ते चाक, आपल्या करंजीच्या कातण्याचे थोरले भावंड, पोराने शेजारच्या टेबलावरचा कांद्याचा पिझ्झा कापून थेट त्यांच्या पिझ्झ्यावर आणले. सासूबाईंनी त्याचा हात हवेतच थांबवला. मालक उठला, चाक साबणाने धुऊन, फडक्याने पुसून त्याने स्वतः कापून दिले. दुसऱ्या खेपेला मात्र बावीस मिनिटे लागली, कारण तेवढ्यात ॲपवरून सात पिझ्झ्यांची मागणी आली होती. ती बावीस मिनिटे सासऱ्यांनी मुलांना गोल ॲल्युमिनियमच्या ओव्हनची गोष्ट सांगण्यात घालवली. आमच्याकडेही तो होता आणि झाकणाची काच त्यांनीच फोडली होती, हे मला लग्नानंतर सतरा वर्षांनी कळले.

बिल एक हजार पाचशे नव्वद झाले, चार लिंबू सोडा धरून. सेवा शुल्क नव्हते, आणि हिशेबनीस यांनी सांगितलेली ओळ तळाशी बारीक अक्षरात होती, तिच्याखाली कर नव्हता.

पनीरच्या पिझ्झ्याचे तीन तुकडे उरले, ते बांधून आणून फ्रिजमध्ये ठेवले आहेत. सकाळी एक मायक्रोवेव्हमध्ये गरम केला तर त्याचे कातडे झाले. उरलेले दोन वाचवता येतील का?

ओव्हनवाला

चाकाची गोष्ट माझ्या डोक्यातून पार निसटली होती. सात वर्षांत मी ते दोन पिझ्झ्यांच्या मधे कितीदा धुतले असेल, याचा विचार आता न केलेला बरा.

तुकडे नक्की वाचतील. जाड लोखंडी तवा मध्यम आचेवर तापवा, तेल न घालता दोन्ही तुकडे त्यावर ठेवा आणि दोन मिनिटे उघडेच राहू द्या, म्हणजे तळ पुन्हा कुरकुरीत होईल. मग आच अगदी मंद करून तव्याच्या कडेला, तुकड्यांना न लागेल असे, चमचाभर पाणी सोडा आणि लगेच झाकण घाला. त्या वाफेने मिनिटभरात वरचे चीज वितळते. झाकण काढताना ते तिरके धरा, नाहीतर त्यावरचे पाणी पनीरवर गळते.